आधी कामाची घडी, मग माणसांची: सेवा व्यवसाय चालवणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

सेवा गोदामात साठवून ठेवता येत नाही. दुपारी दोन तास रिकामा बसलेला कर्मचारी ते दोन तास संध्याकाळच्या गर्दीत वापरायला काढून देऊ शकत नाही. कारखान्यात मंदीच्या दिवसात माल करून ठेवता येतो. काउंटरवर, वॉर्डात, कॉल सेंटरमध्ये किंवा हॉटेलच्या रिसेप्शनला मात्र ग्राहक समोर येतो तेव्हाच काम तयार होतं आणि तेव्हाच ते करावं लागतं. या धंद्यातल्या बहुतेक अडचणी इथून सुरू होतात.

मालकांची नेहमीची तक्रार अशी असते, की माणसं मिळत नाहीत, मिळाली तर टिकत नाहीत आणि टिकली तर मनापासून काम करत नाहीत. खोलात गेलं की अनेकदा दिसतं, की माणूस बरा आहे. त्याच्यासमोर काम ज्या रीतीनं येऊन आदळतं ती रीत बिघडलेली आहे. म्हणून या लेखाचा क्रम मुद्दाम तसा ठेवला आहे. कामाची मांडणी आधी येते आणि नेमणूक, प्रशिक्षण, मोजमाप त्यानंतर.

पायरी १: दोन आठवडे फक्त नोंद करा

सॉफ्टवेअरची गरज नाही. दर अर्ध्या तासाचा एक रकाना आखलेला कागद काउंटरवर ठेवा आणि ग्राहक आला की एक उभी रेघ मारा. रेघेशेजारी एका अक्षरात कामाचा प्रकार लिहा. दिवसातून चार-पाच वेळा घड्याळ लावून एकेका कामाला किती मिनिटं लागतात ते बघा. दोन आठवड्यांनी तुमच्याकडे तीन गोष्टी असतील: कोणत्या वेळी किती लोक येतात, कशासाठी येतात आणि प्रत्येकाला किती वेळ लागतो.

दिवसाच्या सरासरीवर विसंबू नका. दिवसाला २०० ग्राहक म्हणजे तासाला २५, हा हिशोब कागदावर बरा दिसतो, पण त्यातले ९० जण दोन तासांत येत असतील तर त्या दोन तासांतच तुमची अब्रू ठरते.

याच कागदावर आणखी एक खूण करा. ग्राहक नव्या कामासाठी आला आहे, की आधीचं काम अर्धवट किंवा चुकीचं झालं म्हणून? ‘माझ्या अर्जाचं काय झालं?’, ‘बिलात चूक आहे’, ‘परवा फोन करतो म्हणालात, आला नाही’. ब्रिटिश सल्लागार जॉन सेडन यांनी अशा मागणीला ‘फेल्युअर डिमांड’ असं नाव दिलं. आपण तिला ‘परतीचं काम’ म्हणू. ही गर्दी आपणच तयार केलेली असते. जास्तीची माणसं घेण्याआधी परतीच्या कामातली सर्वांत मोठी दोन कारणं शोधून बंद करा. काम झाल्याचा एक संदेश वेळेवर पाठवला तरी चौकशीचे कितीतरी फोन थांबतात.

पायरी २: रांगेचं गणित समजून घ्या

हा भाग जरा संथपणे वाचा. ड्यूटी लावणाऱ्या बहुतेकांना हे गणित कोणी शिकवलेलंच नसतं.

कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एरलांग या डॅनिश गणितज्ञानं १९०९ मध्ये, येणाऱ्या कॉलच्या संख्येवर पहिला शोधनिबंध लिहिला. पुढे त्याच मार्गानं त्यानं किती तारा असल्या तर किती लोकांना थांबावं लागेल याची सूत्रं काढली. आजची कॉल सेंटरं त्याच सूत्रांवर चालतात. त्यातला व्यवहारात लागणारा निष्कर्ष असा: कर्मचारी जितका पूर्ण ‘भरलेला’ ठेवाल, तितकी रांग वाढते, आणि ती सरळ रेषेत वाढत नाही.

समजा, एकच काउंटर आहे आणि एका ग्राहकाला सरासरी ५ मिनिटं लागतात. लोक कधीही येतात आणि कोणाचं काम लवकर आटोपतं, कोणाचं लांबतं. कर्मचारी निम्मा वेळ कामात असेल, तर ग्राहकाला सरासरी ५ मिनिटं थांबावं लागतं. ८० टक्के वेळ कामात असेल तर २० मिनिटं, ९० टक्के असेल तर ४५ मिनिटं आणि ९५ टक्के असेल तर तब्बल ९५ मिनिटं. काम पाच टक्क्यांनी वाढलं आणि थांबणं दुपटीहून जास्त झालं. ‘काल सगळं सुरळीत होतं, आज चार लोक जास्त आले आणि सगळं कोलमडलं’, याचं कारण हेच असतं. त्यात कोणाचा आळस नसतो.

आता माणसं किती लावायची ते बघू. तासाला ४० ग्राहक आणि प्रत्येकी ६ मिनिटं, म्हणजे तासाला २४० मिनिटांचं काम. भागाकार केला तर उत्तर येतं ४ माणसं. पण चारच लावली, तर कोणालाही श्वास घ्यायला जागा नाही आणि रांग वाढतच राहते. सगळ्यांची एकच रांग ठेवून पाच लावली तर सरासरी थांबणं साधारण सव्वातीन मिनिटांवर येतं. सहा लावली तर मिनिटाच्या आत. सहाव्या माणसाचा पगार परवडतो का, हा प्रश्न तुमचा. तो मोकळा दिसतो म्हणून त्याला घरी पाठवायचं, हा हिशोब मात्र चुकीचा आहे. मोकळी बसलेली माणसं अनेक मालकांच्या डोळ्यांत सलतात. ती थोडी मोकळी असतात म्हणूनच रांग लागत नाही, हे त्यांना पटवणं हे मॅनेजरचं पहिलं काम.

माणूस न वाढवता रांग कमी करायचा एक खात्रीचा उपाय आहे. दोन खिडक्यांसमोर दोन रांगा असतील तर त्यांची एक करा, आणि जी खिडकी मोकळी होईल तिथे पुढचा माणूस जाईल. वरच्या पाच मिनिटांच्या उदाहरणात, दोन्ही कर्मचारी ८० टक्के वेळ कामात असताना, थांबणं २० मिनिटांवरून ९ मिनिटांच्या आत येतं. एक लांबलेलं काम मागच्या सगळ्यांना अडकवून ठेवत नाही. अपवाद तिथे, जिथे ग्राहकाला ठरावीक माणूसच हवा असतो: नेहमीचे डॉक्टर, नेहमीचा केशरचनाकार, आपलं खातं सांभाळणारा अधिकारी. तिथे वेळ ठरवून बोलावणं चांगलं.

एक हिशोब राहिला, तो सुट्ट्यांचा. सातही दिवस एक जागा भरलेली हवी असेल, तर वर्षाचे ३६५ दिवस भरायचे असतात. एक माणूस आठवड्याला एक सुट्टी घेतो, म्हणजे ५२ दिवस. रजा, आजारपण आणि प्रशिक्षण मिळून आणखी ३० धरले, तर तो २८३ दिवस उपलब्ध असतो. भागाकार १.२९. दहा जागा असतील तर तेरा माणसं लागतात. दहाच नेमून ‘रजा मागू नका’ म्हणणाऱ्या ठिकाणी माणसं टिकत नाहीत यात नवल नाही.

पायरी ३: पुढचं काम आणि मागचं काम वेगळं करा

लिन शोस्टॅक यांनी १९८०च्या दशकात सेवेचा नकाशा काढायची एक पद्धत मांडली, तिला ‘सर्व्हिस ब्लूप्रिंट’ म्हणतात. भिंतीवर मोठा कागद लावा. सर्वांत वर, ग्राहक काय काय करतो ते क्रमानं लिहा: येतो, विचारतो, थांबतो, कागद देतो, पैसे भरतो, जातो. त्याखाली, त्याच्यासमोर कर्मचारी काय करतो ते. मग एक आडवी रेघ ओढा. रेघेखाली ग्राहकाला न दिसणारं काम: नोंदी, पडताळणी, साफसफाई, साहित्य भरणं, हिशोब जुळवणं.

नकाशा झाला की प्रत्येक कामाला विचारा, हे रेघेच्या वर असायलाच हवं का? रिसेप्शनवरची व्यक्ती समोर उभ्या माणसाशी बोलता बोलता फोन उचलते आणि मधूनच रजिस्टर भरते, हे दृश्य सगळीकडे दिसतं. गर्दीच्या दोन तासांत फोन मागच्या खोलीत वळवा. रजिस्टर दुपारी भरा. ग्राहकासमोर फक्त तेच ठेवा, ज्याला ग्राहक समोर असणं आवश्यक आहे.

मात्र फार तुकडे करू नका. ग्राहकाला तीच गोष्ट तीन जणांना सांगावी लागत असेल, तर विभागणी जास्त झाली आहे. अशा वेळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच माणसाकडे काम द्या, भले तो थोडा हळू असेल.

पायरी ४: ड्यूटी लिस्ट

लिस्ट किमान दोन आठवडे आधी लावा. आदल्या रात्री फोन करून ‘उद्या सकाळी ये’ म्हणणं, ही या व्यवसायातली सर्वांत महागडी सवय आहे. त्या माणसाला मुलांची सोय, आजारी आईची वेळ, दुसरं काम, शिक्षण यातलं काहीच आखता येत नाही. मग तो रजा न सांगता घेतो किंवा सरळ सोडून जातो.

अमेरिकेतल्या गॅप या कपड्यांच्या साखळीच्या काही दुकानांत झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात शिफ्टच्या सुरू होण्याच्या आणि संपण्याच्या वेळा पक्क्या केल्या, आठवड्यागणिक शिफ्ट शक्यतो सारख्याच ठेवल्या, आपसात शिफ्ट बदलायची सोय दिली आणि काही जणांना ठरावीक तासांची हमी दिली. त्या दुकानांत विक्री साधारण ७ टक्क्यांनी वाढली. वेळापत्रक पक्कं केलं तर धंदा बुडतो, अशी भीती असलेल्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा.

लिस्ट करताना मी पुढची पथ्यं पाळायला सांगेन. सगळ्यांची शिफ्ट एकाच वेळी सुरू करू नका. पहिल्या पायरीतला कागद बघून एक जण आठला, दोघं दहाला, एक जण बाराला असं ठेवा, म्हणजे गर्दीच्या तासांत आपोआप जास्त माणसं असतात. रात्री उशिरा सुटलेल्याला दुसऱ्या दिवशी पहाटे लावू नका. युरोपीय संघाच्या नियमात दोन दिवसांच्या कामामध्ये सलग ११ तास विश्रांती सक्तीची आहे. तुमच्याकडचा कायदा काय म्हणतो ते तपासाच, पण तो गप्प असला तरी हा आकडा वापरण्यासारखा आहे. जेवणाची सुट्टी लिस्टवर नावानिशी लिहा. ‘वेळ मिळेल तेव्हा जेवा’ असं सांगितलं, की ती वेळ मिळत नाही.

सणासुदीच्या आणि सुट्टीच्या दिवशीच्या ड्यूट्यांची वेगळी वही ठेवा आणि ती सगळ्यांना बघू द्या. कोणाला किती वेळा बसल्या हे उघड असलं की ‘त्याला साहेबांनी झुकतं माप दिलं’ ही कुजबूज बरीच कमी होते.

पायरी ५: चार्ज देणं-घेणं

शिफ्ट बदलताना माहिती गळते. रुग्णालयांत याचा नीट अभ्यास झाला आहे. उत्तर अमेरिकेतल्या नऊ बालरुग्णालयांत ठरावीक साच्यात चार्ज देण्याची ‘आय-पास’ पद्धत लागू केली, तेव्हा वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोग्या हानीच्या घटना ३० टक्क्यांनी कमी झाल्या. हे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

तुमच्या कामासाठी तो साचा असा करता येईल. अर्धवट काय राहिलं आहे? कोणत्या ग्राहकाला काय शब्द दिला आहे आणि कधीपर्यंत? काय बंद पडलं आहे किंवा संपत आलं आहे? पुढच्या काही तासांत काय घडू शकतं आणि घडलं तर काय करायचं? आणि सर्वांत महत्त्वाचं, घेणाऱ्यानं हे सगळं स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. नुसतं मान डोलावणं चालणार नाही. यासाठी दोन शिफ्ट १५ मिनिटं एकमेकींवर चढवा आणि त्या १५ मिनिटांचे पैसे द्या. फुकटात चार्ज घ्यायला सांगितलं, तर तो दारातून बाहेर पडता पडता घेतला जातो.

पायरी ६: समोरच्या माणसाला अधिकार द्या

ग्राहक चिडलेला आहे, चूक आपली आहे, उपाय छोटा आहे आणि काउंटरवरचा माणूस म्हणतो, ‘साहेब आल्यावर विचारतो.’ तिथे दोघांचाही अपमान होतो. रिट्झ-कार्लटन हॉटेल साखळी यासाठी प्रसिद्ध आहे, की तिथला कर्मचारी पाहुण्याची अडचण सोडवायला वरिष्ठांना न विचारता २,००० डॉलरपर्यंत खर्च करू शकतो. तुमची मर्यादा कितीही लहान असू दे, ती लेखी असली पाहिजे.

तीन रकाने करा. पहिल्यात, विचारायची गरज नसलेल्या गोष्टी: आपल्या चुकीसाठी माफी, काम फुकट परत करून देणं, ठरलेल्या रकमेपर्यंत सूट. दुसऱ्यात, आधी करा आणि नंतर सांगा अशा. तिसऱ्यात, आधी विचाराच अशा: कायद्याशी संबंधित, कोणाच्या जिवाशी किंवा खासगी माहितीशी संबंधित, मोठ्या रकमेच्या. हे रकाने कर्मचाऱ्यांसोबत बसून भरा. रोज कोणत्या भानगडी होतात हे तुमच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत असतं.

खरी परीक्षा कागद लावल्यानंतर येते. कोणीतरी पहिल्यांदा आपल्या अधिकारात निर्णय घेईल आणि तो तुम्हाला जरा जास्त उदार वाटेल. त्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर कपाळाला आठ्या घातल्या, तर कागद भिंतीवर राहील आणि निर्णय पुन्हा तुमच्याच टेबलावर येतील. निर्णय ठरलेल्या मर्यादेत होता ना? मग ग्राहकासमोर आणि सहकाऱ्यांसमोर त्याच्या मागे उभे राहा. मर्यादा चुकली असं वाटत असेल तर पुढच्या बैठकीत ती बदला. मागे जाऊन त्या माणसाला जाब विचारू नका.

पायरी ७: नेमणूक आणि शिकवणं

मुलाखतीत गोड बोलणारे खूप भेटतात. त्यापेक्षा अर्धा दिवस प्रत्यक्ष कामावर ठेवा, त्याचे पैसे द्या आणि बघा. कोणी लक्ष देत नसताना तो समोरच्याला बसायला खुर्ची देतो का, कळलं नाही तर विचारतो का, हे चार तासांत दिसतं. उमेदवारालाही काम कसं आहे ते कळतं आणि पहिल्याच आठवड्यात पळून जाणाऱ्यांची संख्या घटते.

शिकवण्यासाठी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत घडवलेली, नवशिक्यांना झटपट तयार करणारी चार टप्प्यांची पद्धत आजही उपयोगी आहे. आधी शिकणाऱ्याची भीती घालवा आणि त्याला आधीपासून काय येतं ते विचारा. मग काम करून दाखवा आणि प्रत्येक टप्प्याचं कारण सांगा. मग त्याला करू द्या, आणि करता करता कारणं त्याच्या तोंडून वदवून घ्या. शेवटी त्याला एकट्यानं करू द्या, अडलं तर कोणाकडे जायचं ते नाव सांगा आणि अधूनमधून डोकावत राहा. ‘याच्यासोबत दोन दिवस उभा राहा, कळेल’ हे शिकवणं नव्हे. त्यात जुन्याच्या चांगल्या सवयींबरोबर वाईटही उतरतात.

एक तक्ता करा. उभ्या बाजूला नावं, आडव्या बाजूला कामं. चौकटीत ० म्हणजे येत नाही, १ म्हणजे मदतीनं येतं, २ म्हणजे एकट्यानं येतं, ३ म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. ज्या रकान्यात २ किंवा ३ एकाच नावासमोर आहे, ते काम धोक्यात आहे. तो माणूस आजारी पडला की ते बंद. पुढच्या महिन्याचं प्रशिक्षण तिथूनच सुरू करा.

पायरी ८: हसतमुख राहण्याचाही शीण असतो

समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी विमानातल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून १९८३ मध्ये ‘भावनिक श्रम’ ही कल्पना मांडली. मनात काहीही असलं तरी चेहऱ्यावर ठरावीक भाव ठेवणं हेही कामच आहे आणि त्यानं माणूस दमतो. ड्यूटी लावताना हे धरा. दिवसभर तक्रारींच्या खिडकीवर एकालाच बसवू नका, दोन-तीन तासांनी मागच्या कामावर पाठवा. वाईट प्रसंग झाला की लगेच दहा मिनिटं मोकळी द्या.

आणि शिवीगाळ झाली तर? नियम आधीच ठरवा: कर्मचारी एकदा शांतपणे समज देईल, दुसऱ्यांदा झालं तर बाजूला होईल आणि सुपरवायझर पुढे येईल. ग्राहक नेहमी बरोबर असतो हे वाक्य इथे गुंडाळून ठेवा.

पायरी ९: मोजा, पण जपून

जे मोजाल ते वाढतं, कधीकधी भलत्याच मार्गानं. वेल्स फार्गो या अमेरिकी बँकेत विक्रीच्या टार्गेटचा दबाव इतका होता, की कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावे खाती उघडली. २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला आणि सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढल्याचं बाहेर आलं. कॉल सेंटरमध्ये फक्त कॉलची लांबी मोजली की अवघड कॉल मध्येच तुटायला लागतात.

म्हणून आकडे जोडीनं ठेवा. वेगासोबत परतीचं काम, विक्रीसोबत रद्द झालेले व्यवहार. आकडे संघाचे बघा आणि आठवड्यागणिक कल बघा. एका दिवसाच्या आकड्यावरून कोणाला फैलावर घेऊ नका.

मागचं काम किती तुंबलं आहे हे कळायला एक साधं सूत्र आहे, जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेलं: हातातली प्रकरणं = रोज येणारी प्रकरणं × एकाला लागणारे दिवस. रोज ३० अर्ज येतात आणि टेबलावर ९० आहेत, तर तुमचा अर्ज सरासरी ३ दिवसांत निघतो. भिंतीवरच्या पाटीवर ‘२४ तासांत’ लिहिलं असेल तर एक तर पाटी बदला, नाही तर ढीग ३० वर आणा.

सुरुवात कुठून?

नऊही पायऱ्या एकदम हाती घेतल्या तर दुसऱ्या महिन्यात सगळं पूर्वीसारखं होतं. पहिले दोन आठवडे नोंद. पुढचे दोन आठवडे परतीच्या कामाचं सर्वांत मोठं कारण आणि ड्यूटी लिस्ट. मग चार्जचा साचा, मग अधिकाराचे रकाने. प्रशिक्षणाचा तक्ता या सगळ्याच्या बरोबरीनं भरत जा. रोज शिफ्टच्या सुरुवातीला उभ्या उभ्या दहा मिनिटं बोला: काल काय अडलं, आज काय वेगळं आहे, कोण नाही. तक्रार आली तर ती सोडवायला नाव आणि तारीख त्याच वेळी ठरवा. दोन आठवडे तेच नाव आणि तीच तक्रार निघत राहिली तर मुकाट्यानं ती स्वतःकडे घ्या. बहुधा तिला लागणारा खर्च किंवा परवानगी फक्त तुमच्याच हातात असते.